क्लॉज शोधायला दौंडला

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. आमचे इंग्रजीचे सर सुट्टीतच शाळा सोडून त्यांच्या गावाजवळच्या शाळेत रुजू झाले होते. दहावीचा वर्ग मधल्या मध्ये लटकला होता.

"मॅडम, दहावीचं इंग्रजी तुम्ही घ्या," मुख्याध्यापक म्हणाले.

"सर, मी विज्ञान-गणिताची."

"बी.एस्सी. इंग्रजीतूनच केलंय ना? मग झालं तर."

बी.एस्सी. इंग्रजीतून करणं म्हणजे काय असतं ते मलाच माहीत होतं. प्रयोगांच्या कृती पाठ करायच्या, व्याख्या पाठ करायच्या आणि तोंडी परीक्षेला बाहेरचे सर मराठीत विचारतील अशी मनातल्या मनात प्रार्थना करायची. पण नोकरीला लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि नाही म्हणायची सवय नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर कुठंतरी बरंही वाटलं. आमचं घर मूळचं मेंढरांमागं फिरणारं. आजोबांच्या अखेरच्या काळात ते मांडवगण फराट्याला जमीन धरून स्थिरावलं. त्या घरातली मी शिकलेली पहिली मुलगी, आणि आता दहावीला इंग्रजी शिकवणार. हे आईच्या कानावर गेलं असतं तर तिनं गल्लीभर सांगितलं असतं.

तेव्हा आम्ही खुटबावला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. शाळा तिथून सायकलच्या अंतरावर होती. नवरा दौंडला रेल्वेच्या कार्यालयात कारकून होता. तो सकाळी शटल गाडीनं जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. लग्नाला वर्ष झालं होतं.

पहिले दोन आठवडे बरे गेले. धडे, कविता, पत्रलेखन, सगळं रेटलं. मग व्याकरणात फ्रेज आणि क्लॉज आलं, आणि मी अडले. कारण मी स्वतः दहावीला होते तेव्हा हा भाग ऑप्शनला टाकला होता. मांडवगणच्या शाळेत आम्ही सगळ्यांनीच तो टाकला होता. आमचे सरच म्हणाले होते, "एवढे चार मार्क सोडा आणि निबंध पाठ करा." आता ते चार मार्क माझ्यासमोर फळ्यावर येऊन उभे राहिले होते.

मी गाइड उघडलं. त्यात सरळ लिहिलं होतं: क्रियापद नसलेला शब्दसमूह म्हणजे फ्रेज, क्रियापद असलेला शब्दसमूह म्हणजे क्लॉज. मला हायसं वाटलं. नियम असला की विज्ञानाच्या माणसाला आधार मिळतो. मी तो फळ्यावर लिहिला, मुलांनी उतरवून घेतला. मग गाइडमधलीच उदाहरणं घेतली. 'विथ अ स्टिक' म्हणजे काठीनं. क्रियापद नाही, फ्रेज. 'बिकॉज ही वॉज इल' म्हणजे तो आजारी होता म्हणून. 'वॉज' क्रियापद आहे, क्लॉज. वर्ग माना डोलवत होता. पुढचं वाक्य लिहिलं, 'रनिंग अक्रॉस द फील्ड, द बॉय फेल डाउन.' शेतातून पळताना मुलगा पडला. गाइडच्या उत्तरात लिहिलं होतं, 'रनिंग अक्रॉस द फील्ड' ही फ्रेज.

मुलींच्या रांगेत मागून दुसऱ्या बाकावरून हात वर आला. ही मुलगी कालव्यापलीकडच्या वस्तीवरून यायची. त्यांच्याकडं अजून थोडी मेंढरं होती. एरवी ती फारसं बोलायची नाही.

"मॅडम, पण रन म्हंजी पळणं ना? मग रनिंग ह्ये क्रियापदच झालं की. मग ही फ्रेज कशी काय?"

मी फळ्याकडं पाहिलं. प्रश्न बरोबर होता. नियमाप्रमाणं तो क्लॉज व्हायला हवा होता. मी गाइडचं पान उलटलं, पुन्हा उलटलं. वर्गात कुणी हसलं नाही, नुसती सगळी माझ्याकडं बघत राहिली. ते जास्त जड गेलं.

"मला आत्ता सांगता येत नाही," मी म्हटलं. "बघून सांगते."

"कवा सांगाल?" तिनं विचारलं. उद्धटपणे नाही. तिला खरंच हवं होतं.

"कळलं की लगेच सांगते."

शिक्षकांच्या खोलीत मी हा प्रश्न काढला तेव्हा समाजशास्त्राचे सर हसले. "मॅडम, असलं बोर्डात येत नाही. कोणता क्लॉज आहे एवढंच विचारतात. 'हू' आला की विशेषण क्लॉज, 'व्हेन' आला की क्रियाविशेषण क्लॉज. तक्ता पाठ करून घ्या, पोरं मार्क घेतात."

ते खोटं बोलत नव्हते. तक्ता पाठ केला की मार्क पडायचे. पण मला त्या मुलीचा चेहरा दिसत होता. तिनं नियम ऐकला, नियम लावून पाहिला आणि तो तुटला. विज्ञानाच्या तासाला एखाद्यानं असं केलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती. इंग्रजीच्या तासाला त्याच गोष्टीसाठी तिला गप्प बसवायचं, हे मला पटेना. मी ठरवलं की हे समजल्याशिवाय पुढचा व्याकरणाचा तास घ्यायचा नाही. तोवर धडे पुढं न्यायचे.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो चहा पिता पिता म्हणाला, "दौंडला आमच्या ऑफिसात पूर्वी एक आंटी टेलिफोनवर होत्या. अँग्लो-इंडियन. आता रिटायर झाल्यात. चर्चच्या मागं राहतात. त्यांची घरची भाषाच इंग्रजी आहे. त्यांना विचार की."

मला वाटलं, सुटले.

रविवारी सकाळच्या शटलनं आम्ही दोघं दौंडला गेलो. स्टेशनाबाहेर पडून रेल्वेच्या जुन्या क्वार्टर्स ओलांडल्या की मोठमोठी कडुलिंबं होती आणि त्यांच्या सावलीत बसकी कौलारू घरं. आंटी ओट्यावर बसून वाटाणे सोलत होत्या. उंच बाई, गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा फ्रॉक, केस आखूड कापलेले. नवऱ्याला ओळखून त्यांनी रेल्वेतल्या हिंदीत चौकशी केली, आणि मग माझ्याकडं वळल्या.

मी रात्रीपासून घोकून ठेवलेलं वाक्य इंग्रजीत म्हटलं. फ्रेज आणि क्लॉज यांच्यात फरक काय, असं.

"क्लॉज?" त्यांनी भुवया वर केल्या. "सांताक्लॉज?"

मला वाटलं त्या चेष्टा करतायत. पण त्या खरंच विचारत होत्या. मी पुन्हा समजावून सांगितलं. वाक्याचा भाग, क्रियापद, व्याकरण. त्या मोठ्यानं हसल्या.

"बेटी, हम पैदा हुआ तब से इंग्लिश बोलता है. ये क्लॉज हमको कभी मिला नहीं."

शाळेत व्याकरण शिकवलं असेल, पण आठवत नव्हतं. त्यानंतर सगळा जन्म टेलिफोनच्या स्विचबोर्डसमोर गेला. बोलायला व्याकरण कशाला लागतं, असं त्यांनी मलाच विचारलं. मी ओट्यावर बसले ती बसलेच. नवरा बिचारा अपराध्यासारखा वाटाणे सोलू लागला.

निघताना आंटी म्हणाल्या, "फिर आना. मेरे साथ इंग्लिश बोलने वाला अब कोई नहीं है. नाम हमको मालूम नहीं, लेकिन तुम गलत बोलेगी तो हम फौरन बताएगा."

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर बघत होते. ऊस तोडणीला आला होता, गुऱ्हाळांची धुराडी पेटली होती. पाटसच्या पुढं कुठंतरी मला सुचलं की माझीच विचारण्याची रीत चुकली. प्रयोगशाळेत आपण क्षाराला विचारत नाही की बाबा, तुझं नाव काय. आपण त्यावर आम्ल टाकतो आणि काय होतं ते बघतो. आंटींना नावं माहीत नव्हती, पण कानाला चूक आणि बरोबर नक्की कळत होतं. मग नावं विचारायचीच कशाला? वाक्यं टाकायची आणि बघायचं.

"पुढच्या रविवारी मी एकटी जाते," मी नवऱ्याला म्हटलं.

"जा. पण मला भाकरी येत नाही. मी भात लावीन."

दुसऱ्या रविवारी मी तयारी करून गेले. गाइडमध्ये आणखी एक नियम होता: फ्रेजचा अर्थ अपुरा असतो, क्लॉजला अर्थ असतो. तो तपासायचा होता. मी आंटींसमोर बसून म्हटलं, "रनिंग अक्रॉस द फील्ड." आणि थांबले.

आंटीही थांबल्या. मग म्हणाल्या, "हां? कौन?"

म्हणजे अपुरं. बरोबर. मग मी म्हटलं, "बिकॉज द बॉय वॉज रनिंग." आणि थांबले.

"हां, तो क्या हुआ?"

हेही अपुरंच! त्यांना पुढचं हवंच होतं. मी आणखी पाचसात तुकडे टाकले. 'व्हेन आय केम', 'इफ इट रेन्स'. प्रत्येक वेळी आंटी मान पुढं काढून पुढच्या शब्दाची वाट बघायच्या. फ्रेज काय आणि क्लॉज काय, दोन्हींतले तुकडे अपुरे होते. गाइडचा दुसरा नियमही माझ्या हातात मोडला.

माझे तुकडे संपले तसं आंटींनी आत जाऊन केक आणला आणि मग स्वतःचं काम काढलं. त्यांचा सगळा जन्म दौंडात गेला होता, पण मराठी वाचता येत नव्हतं. एस.टी. स्टँडवर गाडीची पाटी दुसऱ्याला विचारावी लागायची. एकदा कुणीतरी चेष्टेनं चुकीचं सांगितलं आणि त्या भलत्याच गाडीत बसल्या होत्या. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. "तुम टीचर है. हमको ये अ-आ-इ सिखाओ," त्या म्हणाल्या. "बुड्ढी समझ के छोड़ना नहीं."

मी मागून घेतलेल्या कागदावर पहिलं 'द' काढलं, दौंडमधलं. त्या टेबलावर वाकून, जीभ दातात धरून तसंच 'द' काढत बसल्या. चार वेळा चुकलं. पाचव्यांदा जमलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला माझ्या वर्गातली पोरं आठवली. मी मनात म्हटलं, ही बाई या वयात 'द' सोडत नाही, तर मी रनिंग का सोडू?

मग रविवार तसाच ठरून गेला. आधी तासभर त्यांची अक्षरं, मग माझे तुकडे. अक्षरांत त्या भराभर पुढं गेल्या. औकारानं त्यांना छळलं, कारण दौंड लिहायला तोच लागत होता. माझं मात्र अडलेलंच होतं. शाळेत ती मुलगी रोज विचारत नव्हती, पण इंग्रजीचा तास सुरू झाला की एकदा माझ्याकडं बघायची. मी मान हलवायची, अजून नाही.

उत्तर मिळालं ते मी शोधत नसताना. आंटी मला त्यांच्या लहानपणीची गोष्ट सांगत होत्या. कोळशाची इंजिनं, वडील ड्रायव्हर, आणि रोज संध्याकाळी घरावरून पळत जाणारा एक मुलगा. मी इंग्रजीत तेच वाक्य परत म्हणून बघत होते, सवय व्हावी म्हणून. मी म्हटलं, "द बॉय हू रन्स..."

"नो, नो. हू रॅन. पुराना बात है ना. हू रॅन."

मी दुरुस्त केलं. 'द बॉय हू रॅन'. मग सहज विचारलं, "आणि 'द बॉय रनिंग पास्ट द हाउस'? जुनी गोष्ट असेल तर त्याचं काय होईल?"

"वो ठीक है," आंटी म्हणाल्या. "रनिंग को कुछ नहीं होता."

मी हातातला कप खाली ठेवला.

"आंटी, फिरसे बोलो."

"रनिंग को कुछ नहीं होता. आज बोलो, कल बोलो, रनिंग रनिंग रहेगा."

मी उठलेच. तिथंच ओट्यावर येरझाऱ्या घालत एकेक तुकडा टाकू लागले आणि दरवेळी सांगू लागले, आंटी, आता ही कालची गोष्ट समजा. 'टू रन', पळायला. त्याला काही होत नव्हतं. 'टायर्ड ऑफ रनिंग', पळण्याला कंटाळलेला. काही होत नव्हतं. 'बिकॉज ही रन्स'. "रॅन!" आंटी ओरडल्या. 'व्हेन ही कम्स'. "केम!" त्यांनाही आता खेळ सापडला होता. प्रत्येक फ्रेज काल-आजला ढिम्म राहत होती आणि प्रत्येक क्लॉजमध्ये काहीतरी एक हलत होतं. पळण्याचा शब्द असून भागत नव्हतं. तो काळाबरोबर बदलणारा शब्द हवा होता. तो असला तर क्लॉज, नसला तर फ्रेज, मग त्यात पळणं असो की पडणं.

त्या दिवशी मी शटलमध्ये बसले तेव्हा मला सगळ्या डब्याला सांगावंसं वाटत होतं. समोर भाजीच्या पाट्या घेऊन दोन बायका बसल्या होत्या, म्हणून सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि इंग्रजीचं पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर मराठीत लिहिलं: 'शेतात पळणारं पोरगं'. खाली लिहिलं: 'जे पोरगं शेतात पळतंय'. आणि त्या मुलीला उभं केलं.

"दोन्हींत पळणं आहे ना?"

"व्हय."

"आता ही गोष्ट कालची आहे असं समज, आणि दोन्ही पुन्हा म्हण."

"काल शेतात पळणारं पोरगं," ती म्हणाली. मग थांबली. "जे पोरगं काल शेतात पळालं." आणि मग तिचे डोळे मोठे झाले. "मॅडम, पळणारं तसंच ऱ्हायलं! पळतंय बदललं!"

"मग रनिंग कशासारखं?"

"पळणारं, पळताना, तसलं. म्हंजी त्यात पळणं हाय, पण त्ये क्रियापदाचं काम करत न्हाई."

मी इतके रविवार घालवून जे आणलं होतं ते तिनं एका वाक्यात मांडलं. मला आनंद झाला. मग आम्ही इंग्रजी वाक्यं घेतली. 'काल लावून बघा' असं आमचं ठरून गेलं. कुणी अडलं की सगळा वर्ग ओरडायचा, "काल लाव, काल लाव!"

ते ओरडणं शाळेबाहेरही गेलं. पोरं उसाच्या बांधावर, नळावर, कुठंही एकमेकांच्या वाक्याला काल लावू लागली. आणि आठवड्याभरात शाळेच्या समितीतले आप्पा कार्यालयात येऊन बसले. गावातले मोठे बागायतदार, शब्दाला वजन असलेले. त्यांचा नातू माझ्या वर्गात होता. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं.

"मॅडम," आप्पा म्हणाले, "आमचं पोरगं म्हणतंय, इंग्रजीच्या तासाला मराठी शिकिवत्यात. परीक्षा जवळ आलीया. दुसऱ्या शाळांत पेपर सोडवून घ्यायला लागल्यात. ह्ये काय चाललंय?"

मुख्याध्यापक माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, तक्ता देऊन टाका. सगळीकडं तेच करतात."

पण इतके रविवार मी कशासाठी गेले होते ते मला आठवत होतं.

"सर, तक्ता मी देईन," मी म्हटलं. "पण समजल्यावर देईन. आप्पा, तुम्ही एकदा वर्गात येऊन बसा. तास संपल्यावर तुम्हाला वाटलं की पोरांचं नुकसान होतंय, तर मी हे बंद करीन."

ते खरंच आले. धोतर सावरत मागच्या बाकावर बसले. वर्ग एकदम शहाण्यासारखा वागू लागला. मी वाक्यं देत होते, मुलं काल लावत होती, सगळं सुरळीत चाललं होतं. मनात म्हटलं, जिंकलं. तेवढ्यात त्याच मुलीचा हात वर आला.

"मॅडम, पुट ह्या शब्दाला काल लावला तरी त्यो पुटच ऱ्हातो. आय पुट द बुक. आजबी पुट, कालबी पुट. मग त्यो क्लॉज न्हाई का?"

मागं आप्पा. मला हे माहीत नव्हतं. आंटींना विचारायला रविवार लांब होता. 'रनिंग'च्या दिवशी मी गाइडची पानं उलटली होती. या वेळी मात्र मी गाइड टेबलावरच राहू दिलं आणि खडू घेऊन फळ्याकडं वळले.

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं. "पण बघू या. काल लावून हलत नाही. मग दुसरं काय बदलून बघता येईल?"

मी फळ्यावर 'आय पुट' लिहिलं आणि त्याकडं बघत राहिले. वाक्यात दोनच तर शब्द होते. एकाला काल लावून झाला होता. राहिला 'आय'. तो पुसला आणि तिथं 'ही' लिहिलं. 'ही पुट' असं लिहून हात थांबला, कारण आजच्या गोष्टीला ते चुकीचं दिसत होतं.

"एस पायजे!" ती मुलगी ओरडली. "ही पुट्स! माणूस बदलला की त्यो हलतोय!"

"आणि पुटिंग?" मी विचारलं. "आय पुटिंग, ही पुटिंग?"

"त्याला काय होत न्हाई!" हे सगळ्यांनीच म्हटलं.

मग फळ्यावर दुसरी कसोटी लिहिली: काल लावा, नाही हललं तर माणूस बदला. मागं वळून पाहिलं तर आप्पा नातवाच्या पुस्तकात बघत बसले होते. तास संपल्यावर दारात थांबून म्हणाले, "आमाला ह्यातलं काय कळत न्हाई मॅडम. पण पोरं झोपत न्हाईत, येवढं दिसलं. पास मातुर झाली पायजेत." आणि गेले. मुख्याध्यापकांनी त्यानंतर तो विषय काढला नाही.

शब्दाप्रमाणं मी जानेवारीत तक्ताही दिला. पेपर सोडवून घेतले, जादा तास घेतले. फेब्रुवारीत दौंडला जाणं जमलं नाही, तेव्हा आंटींनी नवऱ्याबरोबर निरोप पाठवला की जोडाक्षरं अडली आहेत आणि मी येईपर्यंत त्या थांबणार नाहीत, शेजारच्या पोराकडून शिकतील. त्या खरोखरच शिकल्या. परीक्षा झाल्यावर गेले तेव्हा त्यांनी मला कॅलेंडरावरच्या एकादशी वाचून दाखवल्या.

निकाल लागला. चमत्कार झाला नाही. इंग्रजीत नापास झालेली मुलं दरवर्षी असायची तशी त्या वर्षीही होती, नेहमीपेक्षा थोडी कमी. आप्पांचा नातू पास झाला. ती मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि अकरावीला दौंडला जाऊ लागली. पुढं ती नर्सिंगला गेली असं कळलं. पण निकालापेक्षा मला एक गोष्ट जास्त मोलाची वाटली. पेपरच्या दिवशी बाहेर आलेली मुलं आपापसांत भांडत होती, की तिसऱ्या वाक्यातला तो तुकडा फ्रेज होता की क्लॉज. त्यांनी तो प्रश्न सोडून दिला नव्हता.

जूनमध्ये मुख्याध्यापकांनी पुन्हा बोलावलं. इंग्रजीला नवे सर मिळत होते.

"मॅडम, तुमची सुटका झाली. तुम्ही तुमचं विज्ञान घ्या."

मी उत्तर घरूनच ठरवून गेले होते. "सर, आठवीचं विज्ञान माझ्याकडं ठेवा. पण नववी आणि दहावीचं इंग्रजीही माझ्याकडंच राहू द्या. नव्या सरांना पाचवी ते आठवी द्या."

"एवढे तास झेपतील?"

"झेपवीन."

सरांनी टेबलावरच्या वेळापत्रकातले दोन रकाने पेन्सिलीनं खोडले.

त्याच वर्षी मी इंग्रजीच्या एम.ए.ला बाहेरून नाव घातलं. आंटींकडं जाणं चालूच होतं. आता त्या मला कादंबऱ्या वाचून दाखवायच्या आणि मी त्यांना वर्तमानपत्रातले मथळे. दोनेक वर्षांनी त्यांची मुलगी त्यांना बंगलोरला घेऊन गेली. निघायच्या आदल्या दिवशी त्या मला एस.टी. स्टँडवर घेऊन गेल्या, एकेका गाडीची पाटी मोठ्यानं वाचली आणि शिरूरची गाडी आली तेव्हा मी वाचायच्या आधी मला सांगितलं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. त्यांनी मात्र पदर नसल्यामुळं फ्रॉकच्या बाहीनं नाक पुसलं आणि पुढची पाटी वाचायला घेतली.

एम.ए.चे पेपर मी शिरूरला दिले. तोवर मला मुलगा झाला होता, वर्षाचा. आई मांडवगणहून येऊन त्याला घेऊन परीक्षेच्या इमारतीबाहेर चिंचेखाली बसायची. मधल्या सुट्टीत मी त्याला पाजायची आणि परत आत जायची. भाषाशास्त्राचा पेपर फार वाईट गेला. बाहेर आले तेव्हा आईनं माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं.

"गेला व्हय?" ती म्हणाली.

"गेला वाटतं."

"मग आता?"

"पुढच्या खेपेला पुन्हा."

"मग पुढच्या खेपेला ह्यो चालत आसंल," ती पोराला खांद्यावर टाकत म्हणाली. "मला धरायला जड जाईल, तेवढं बघ."

निकालात तो पेपर गेलाच होता. पुढच्या खेपेला तोच एक पेपर घेऊन मी पुन्हा शिरूरला गेले. या वेळी पुस्तकं आधी मागवली होती आणि रोज पहाटे उठून एकेक प्रकरण लिहून काढलं होतं. आई चिंचेखाली पोराच्या मागं पळून दमली. मी तीन तास लिहिलं, एकदाही घड्याळाकडं न बघता, आणि निकालात या खेपेला सुटले.